पीटीच्या तासाला रांगच जास्त

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं; नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

३०२: काल लेकीला लवकर आणायला गेले, तर पीटीचा तास चालू होता. कुंपणाशी थांबून पाहत बसले. चाळीस मुलं आणि चेंडू एक. हिची पाळी दोनदा आली. एकदा पळाली, दुसऱ्यांदा चेंडूच निसटला. बाकी सगळा वेळ रांगेत उभी, बुटाची लेस बोटाला गुंडाळत.

५०१: ताई, आमच्याकडे परीक्षा जवळ आली की तो तासही गणिताला जातो.

१०४: अगं, मग संध्याकाळी खेळू दे ना. सगळं शाळेनंच करायचं का?

३०२: काका, शाळेनंतर क्लास, क्लास सुटेपर्यंत अंधार. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं अंग घामेजेल अशी हालचाल सांगते. त्यांच्याच २०१६ च्या आकड्यांनुसार ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलामुलींची तेवढी होत नाही. मुलींचं प्रमाण आणखी वाईट, ८५ टक्के.

७०३: बालरोग विभागात काम करते म्हणून सांगते, नुसत्या पीटीनं वजन फारसं उतरत नाही. खाणं, झोप, मोबाइल हे सगळं सोबत बघावं लागतं. पण हाडं, स्नायू, दम यांना हालचाल हवीच, बारीक मुलांनाही. म्हणून कृपा करून 'जाड मुलांचा वेगळा व्यायाम' असलं काही सुचवू नका.

१०४: आमच्या नातवाचं वजन वर्गासमोर मोठ्यानं वाचलं होतं. तेव्हापासून पीटीच्या दिवशी सकाळीच त्याचं पोट दुखतं. मला आत्ता लक्षात येतंय.

७०३: काका, अशी मुलं मग खेळापासून कायमची तुटतात. वाईट वाटलं वाचून.

३०२: मला पटलेला एक उपाय सांगते. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेनं २०१२ मध्ये 'डेली माइल' सुरू केलं. रोज १५ मिनिटं सगळा वर्ग बाहेर, आहे त्या कपड्यांत. पळा, दमलात तर चाला. शर्यत नाही, नंबर नाही, रांग तर नाहीच. साहित्यही लागत नाही. शनिवारच्या पालकसभेत हेच मागू या. आणि शिक्षा म्हणून मैदान बंद करणं थांबवा, हेही.

५०१: मी येते. चेंडू वाढवा म्हणून पण सांगू.

३०२: काका, वजनाचं तुम्ही बोलाल का? नातवाचं नाव न घेता.

१०४: बोलतो. कितीला आहे?

३०२: साडेनऊला. सव्वानऊला खाली भेटू.