१.५ चं २ करायचं की नाही? इम्पिरिकल फॉर्म्युलाने डोकं उठवलंय

गृहपाठग्रस्त_आई
लेकीची केमिस्ट्री घेऊन बसलेय आणि आता तिच्यापेक्षा मीच जास्त गोंधळलेय. गणित असं, एका संयुगात लोखंड ६९.९४ टक्के, ऑक्सिजन ३०.०६ टक्के, इम्पिरिकल फॉर्म्युला (म्हणजे कुठले अणू एकमेकांना कुठल्या सगळ्यात लहान पूर्णांक प्रमाणात आहेत ते) काढा. १०० ग्रॅम धरले, टक्क्यांचे ग्रॅम झाले, अणुवस्तुमानाने भागलं (५५.८५ आणि १६), इथवर गाडी नीट आली. लोखंड १.२५२ मोल, ऑक्सिजन १.८७९ मोल (मोल म्हणजे अणू मोजायचं माप). लहान आकड्याने दोन्ही भागले तर लोखंड १, ऑक्सिजन १.५. आता तिचं म्हणणं .५ आलं की वरचा पूर्णांक घ्यायचा, गणिताच्या तासाला तसंच शिकवलंय, म्हणून तिने ठोकून दिलं एफईओ२ (एफई म्हणजे लोखंड, ओ म्हणजे ऑक्सिजन). मागे उत्तर दिलंय एफई२ओ३. राउंड कधी करायचं आणि कधी नाही हे कळायचं कसं?

भिंगरी_०७
माझं तर एफई४ओ३ आलं!! ऑक्सिजन ओ२ असतो ना म्हणून मी ३२ ने भागलं. उत्तर चुकीचं छापलंय का?

मोलमजुरी
भिंगरी, छापलेलं बरोबर आहे. ३२ हे मोकळ्या ऑक्सिजनच्या रेणूचं वस्तुमान, इथे आपण संयुगातले अणू मोजतोय, तिथे जोडी-बिडी काही नाही, म्हणून १६. तुझी गंमत अशी झाली की ३०.०६ भागिले ३२ म्हणजे ०.९३९, मग लोखंड आलं १.३३ पट, त्याला ३ ने गुणलं की ४ ला ३, पुढची रीत सगळी बरोबर असल्यामुळे उत्तरही दिसायला झकास. नायट्रोजनला २८ आणि क्लोरीनला ७१ घेऊन हाच घोळ होतो.

ताई, १.५ ला "एक पूर्णांक पाच" वाचूच नका, "दीड" वाचा. एका लोखंडामागे दीड ऑक्सिजन. अर्धा अणू काही कुणी देत नाही, म्हणजे दोन लोखंडामागे तीन, झालं तुमचं एफई२ओ३. दीड, अडीच ऐकलं की २ ने गुणायचं, सव्वा किंवा पावणेदोन ऐकलं की ४ ने. आपल्या भाषेत हे शब्द आयते आहेत, कॅल्क्युलेटरवरच्या आकड्यापेक्षा कानाला लवकर कळतं. फक्त १.३३ आणि १.६७ ला असा सुटसुटीत शब्द नाही, ते तेवढे डोळ्याने ओळखायचे आणि ३ ने गुणायचं.

व्हिटॅमिन सी चं गणित करून बघा, सगळे तिथेच घसरतात. कार्बन ४०.९२, हायड्रोजन ४.५८, ऑक्सिजन ५४.५० टक्के. भागाकार केला की १, १.३३, १ येतं आणि हात शिवशिवतो १.३३ चं १ करायला. तसं केलं की सीएचओ, जे चूक. ३ ने गुणा, सी३एच४ओ३. सी३एच४ओ३ चं वस्तुमान ८८, रेणुवस्तुमान १७६ दिलं असेल तर ते ८८ च्या दुप्पट, म्हणून रेणुसूत्र, म्हणजे एका रेणूतले खरे अणू, सी६एच८ओ६.

आणि लेकीला सांगा, उत्तर उलटं तपासायचं. एफईओ२ मध्ये ऑक्सिजन ३२ भागिले ८७.८५ म्हणजे ३६.४ टक्के भरतो. गणितात ३०.०६ दिलाय. इथेच चोरी पकडली जाते.

काचपात्र
वरचं सगळं बरोबर, एक भर घालतो. मोल काढतानाच १.२५२ चं १.३ आणि १.८७९ चं १.९ केलंत तर भागाकार १.४६ येतो, ना धड दीड ना सव्वा, मग पोरं बसतात अंदाज बांधत. शेवटच्या पायरीपर्यंत निदान तीन दशांश सोबत ठेवा.

गृहपाठग्रस्त_आई
दीड वाचायची आयडिया भारी, लगेच पटली तिला. पण आता नवीनच उपटलंय. लॅबमध्ये यांनी मॅग्नेशियमची फीत क्रुसिबलमध्ये (तापवायच्या छोट्या झाकणाच्या भांड्यात) जाळली, आधी ०.४८ ग्रॅम, जळल्यावर ०.७६ ग्रॅम. म्हणजे ऑक्सिजन ०.२८. मोलचं गुणोत्तर १.१३ ला १. आता हिने तुमचा नियम लावून ८ ने गुणलं आणि मॅग्नेशियम ९, ऑक्सिजन ८ असं लिहून आणलंय, आणि वर मलाच विचारते, आता का राउंड करायचं?

मोलमजुरी
हाहा, हुशार आहे. मी गप्प बसतो, हे काचपात्रांचं खातं.

काचपात्र
तिचा प्रश्न रास्त आहे. गणितातले टक्के चार आकडी नेमके असतात म्हणून तिथे १.३३ म्हणजे १.३३च. इथे ०.२८ मध्ये ०.०१ इकडेतिकडे झालं तरी गुणोत्तर साडेतीन टक्क्यांनी हलतं, अशा आकड्यातून ९ ला ८ काढायचं म्हणजे वाळूचे कण रगडणं. पण नुसतं राउंड करून एमजीओ (मॅग्नेशियम ऑक्साइड, एकास एक) लिहिलं तरी अर्धंच काम. ०.४८ ग्रॅम पूर्ण जळलं तर ०.८० ग्रॅम भरायला हवं, ०.०४ ग्रॅम गेलं कुठे ते शोधा. थोडी फीत आत न जळता राहिली असेल. काही मॅग्नेशियम हवेतल्या नायट्रोजनला चिकटून नायट्राइड झालं असेल, त्याने वजन कमी वाढतं. त्यावर उपाय आहे, क्रुसिबल गार झाल्यावर दोन-चार थेंब पाणी घालून परत तापवायचं, अमोनियाचा वास येतो आणि सगळं ऑक्साइड होतं, मग वजन स्थिर होईपर्यंत तापवा-गार करा-तोला. आणि माझा सगळ्यात जास्त संशय झाकणावर. हवा आत जायला ते जरासं तिरकं करायचं असतं, जास्त उघडलं की पांढरा धूर निघून जातो, तो धूर म्हणजेच तुमचं ऑक्साइड. वहीत १.१३ तसंच राहू द्या, खाली कारण लिहा.

गृहपाठग्रस्त_आई
विचारलं. "प्रकाश बघायला" झाकण तीनदा पूर्ण उचललं होतं म्हणे.