ट्रंकेतल्या बंद नोटा आणि बच्चा बँक (आपली सोसायटी, राजारामपुरी)

बी 204 काकू: मंडळी, सासूबाईंची ट्रंक उपसताना साडीच्या घडीत 14 नोटा गावल्या, 12 पाचशेच्या आणि 2 एक हजाराच्या, सगळ्या नोटबंदीतल्या. एकीचा नंबर 786 हाय, रीलवर म्हणतात लाखाला जाती, जाहिरात टाकू का?

सी 402 वकील: काकू नको. 2017 चा कायदा आहे, बंद नोटा एका माणसाकडं सगळ्या मिळून 10 च चालतात, मग त्या पाचशेच्या असोत की हजाराच्या, अभ्यास किंवा संग्रहासाठी 25. आणि ही सूट नुसती जवळ ठेवायला हाय, द्यायला-घ्यायला न्हाई, म्हणजे विकणंच अडचणीत आणतंय. दंड 10,000 किंवा नोटांच्या रकमेच्या पाचपट, जास्त असेल तो. तुमच्या नोटा 8,000 च्या, गुणून बघा.

बी 204 काकू: अगं बाई! मग सुनेला चार देऊन टाकू?

सी 402 वकील: ते पण देणंच झालं की. नातवाचा नाण्यांचा अल्बम हाय नव्हं, 25 ची सूट खऱ्या संग्रहालाच हाय, आपण बसून बघू. आणि कुणी फोन करून रिझर्व्ह बँकेचं कमिशन, टॅक्स भरा म्हणालं तर एक रुपाया पाठवू नका, बँकेनं 2021 मध्येच सांगितलंय की ती असलं काही घेत नाही.

ए 101: दोन हजाराची एक हाय माझ्याकडं, ती पण गुन्हा का?

सी 402 वकील: न्हाई हो. मे 2023 ला चलनातनं काढली पण कायद्यानं अजून वैध हाय, बेलापूरच्या रिझर्व्ह बँकेत जमा होती, पोस्टानं पण पाठवता येती.

ए 303: भाच्यानं अमेरिकेतनं दहा लाख डॉलरची नोट आणलीय, शोकेसमध्ये ठेवू का काढू?

सी 402 वकील: ठेवा, ती शोभेचीच. एवढी मोठी नोट तिथं कधी निघालीच न्हाई. सगळ्यात मोठी एक लाखाची, 1934 ची, ती त्यांच्या सरकारी बँकांच्या आपसातल्या व्यवहाराला, खासगी माणसाला बाळगता येत न्हाई. 10,000 डॉलरची मात्र जवळ असली तर चालती, ती दुर्मिळ आणि अजून वैध.

डी 105: गणपतीच्या डेकोरेशनला बच्चा बँकेच्या, म्हणजे पोरांच्या खेळण्यातल्या, पाचशेच्या नोटांची माळ करणार हाय, चालंल?

सी 402 वकील: खऱ्यासारखा दिसणारा कागद छापणं-वापरणं यावर पण कलम हाय, दंड किरकोळ. पण मला दंडाचं न्हाई वाटत. कपिलतीर्थ मंडईत एका म्हाताऱ्या भाजीवालीला संध्याकाळच्या गर्दीत कुणीतरी असलीच नोट दिली, वर सुट्टे पैसे पण घेऊन गेला, बिचारी दिवसाची कमाई धरून रडत बसली होती. कागदी फुलांची माळ करा, लै छान दिसती.

डी 105: बरं, फुलांचीच करतो.

सी 402 वकील: काकू, सातनंतर या, अल्बम घेऊन.