दूर राहून आईची कदर कशी कळवावी?

गुहागरकर (पुणे):
माझी आई गुहागर तालुक्यातल्या घरी एकटी राहते आणि मी अकरा वर्षे पुण्यात नोकरी करतो. मे संपता संपता एसटीच्या पार्सलने तिचे खोके येते. त्यात आमसुले, आंबापोळी, कुळथाचे पीठ आणि आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली असते. बाटलीच्या तोंडाला फडक्यावर सुतळीची अशी गाठ मारलेली असते की ती कापावीच लागते. मी पाठवलेले पैसे ती बँकेत तसेच ठेवते. फोनवर “जेवलास काय?” यापुढे बोलणे सरकत नाही, आणि आभार मानायला गेलो तर ती ‘बरं नाही काय तुला?’ असेच विचारील. आपण काय करता?

खाडीपलीकडची (ठाणे):
आभार मानू नका. तिच्या कामाची चौकशी करा. आमसुलांसाठी रातांब्याची (कोकमाच्या फळाची) साले मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, अशी पुटे देण्यात कित्येक दिवस जातात, आणि मध्येच वळवाची सर आली की सगळे वाळवण उचलून पडवीत धावावे लागते. एवढ्या खटाटोपाला आपण “खोकं मिळालं” म्हणून मोकळे होतो. यंदा किती पुटे दिली, हे तिला विचारा, आणि सोलकढीला रंग कसा आला तेही सांगा.

दापोलीकर (मस्कत):
वरचा सल्ला योग्य आहे, पण नुसत्या चौकशीने भागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा वीज गेली, फोन बंद पडले आणि चार दिवस आईचा आवाज कानी पडला नाही. पाचव्या दिवशी तिने आधी सांगितले ते हे, की कौले उडाली, पण माझ्या वाटणीची आंबापोळी डब्यात कोरडी आहे. तेव्हापासून पावसाआधीच्या शाकारणीची (छपराच्या डागडुजीची) मजुरी मी गड्याला परस्पर देतो. तिच्या हाती दिलेले पैसे (आपल्याकडे सगळ्याच आयांचे असे असावे) माझ्याच नावावर साठतात.

गुहागरकर (पुणे):
काल विचारले. पाच पुटे झाली होती, सहाव्याला पावसाने गाठले. ते सांगताना ती वीस मिनिटे बोलली. शाकारणीचे मात्र ऐकून घेतले नाही. फोन ठेवताना म्हणाली, “ती बाटली फेकू नको, पुढच्या आगळाला लागेल.”