सरदार सरोवरातून जागतिक बँक गेली, त्याने काय साधले?

प्रश्न
जागतिक बँकेने १९८५ मध्ये नर्मदेवरील सरदार सरोवर धरणासाठी ४५ कोटी डॉलरचे अर्थसाहाय्य मंजूर केले आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेली रक्कम नाकारली. धरण मात्र पूर्ण झाले. मग बँकेच्या जाण्याने नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा-अक्राणीच्या बुडीत गावांना नेमके काय मिळाले?

प्रतिसाद १
त्याआधीचे वर्ष पाहावे लागेल. प्रकल्पाच्या स्वतंत्र आढाव्यासाठी बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने जून १९९२ च्या अहवालात बँकेला प्रकल्पातून मागे सरण्याचा सल्ला दिला. पिढ्यानपिढ्या वनजमीन कसणारे आदिवासी सातबारा नसल्यामुळे ‘अतिक्रमणदार’ ठरत होते आणि जमिनीच्या बदल्यात जमीन या हक्कातून वगळले जात होते, हे तिने स्पष्टपणे मांडले. तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संचालक मंडळाने, अमेरिका, जर्मनी व जपान यांचा विरोध असताना, काही अटी घालून कर्ज चालू ठेवले. बँकेत मते भागभांडवलाच्या प्रमाणात मोजली जातात आणि मणिबेलीसारख्या बुडीत गावातल्या माणसाचा आवाज तेथे दिल्लीमार्फतच पोहोचतो. त्या वेळी दिल्लीला तर धरण हवेच होते. अटींची मुदत संपत आली, त्या पूर्ण होण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा सरकारने कर्जच सोडून दिले. याला बँकेची माघार म्हणणे मला थोडे उदार वाटते.

प्रतिसाद २
घटनाक्रम मान्य आहे, परंतु त्यातून निघणारा अर्थ अस्वस्थ करणारा आहे. कर्ज होते तोवर पुनर्वसनाचा हिशेब मागणारा बाहेरचा कोणी तरी होता. पुढे सरकारी पैशाने भिंत वाढू लागल्यावर विस्थापितांना सर्वोच्च न्यायालयाखेरीज दार उरले नाही. न्यायालयाने १९९५ मध्ये काम थांबवले खरे, पण ऑक्टोबर २००० च्या निकालाने ते टप्प्याटप्प्याने पुढे नेण्यास मुभा दिली. अर्थात, बँकेनेही आठ वर्षांत तो हिशेब कितीसा मागितला होता?

प्रतिसाद ३
मूळ प्रश्नातील गावांना थेट लाभ झाला असे म्हणता येत नाही. लाभ झाला तो इतरत्र. नर्मदेच्या वादामुळे बँकेला सप्टेंबर १९९३ मध्ये स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापन करावे लागले आणि बाधित लोकांना आपल्या सरकारला वगळून थेट तक्रार करण्याची सोय झाली. या मंडळापुढे आलेले पहिले प्रकरण नेपाळच्या अरुण-३ जलविद्युत प्रकल्पाचे होते. १९९५ मध्ये बँकेने त्यातून अंग काढून घेतले.