वीस-पंचवीस वर्षं एमआरशिप (औषध कंपनीच्या प्रतिनिधीची नोकरी) केल्यावर नेमका पस्तावा कशाचा होतो? (सांगली एचक्यू)

कृष्णाकाठ_४६
नमस्कार मंडळी. वय ४६, बी.एस्सी., फील्डला २३ वर्षं, आतापर्यंत चार कंपन्या, सध्याच्या कंपनीत ९ वर्षं. एचक्यू (कामाचं मुख्य ठिकाण) सांगली, मिरज, तासगाव, विटा, इस्लामपूर, जत असा पट्टा.

इथले सीनियर भेटले की एकच सूर असतो, "या लाइनीत यायलाच नको होतं". ते ऐकून उपयोग शून्य, कारण आलोय ते आलोय. मला हवंय ते असं की ज्या चुका अजून दुरुस्त होऊ शकतात त्या कोणत्या? ठोस प्रश्न असे: (१) एरिया मॅनेजरची ऑफर आहे, घ्यावी का? (२) पीएफ-पेन्शनचं काय तपासावं? पहिल्या दोन कंपन्यांचा पीएफ सोडताना काढून घेतला होता. (३) होलसेल लायसन्स काढून स्टॉकिस्ट (कंपनीचा माल केमिस्टला पुरवणारा घाऊक विक्रेता) व्हायचं डोक्यात आहे. सध्या बेसिक १८,०००, ग्रॉस ४६,०००, टीए-डीए (प्रवास आणि रोजचा खर्च) वेगळा.

पीएफ_हिशेब
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळ्यात महाग चूक तिथेच झालेली असते आणि ती कळते अठ्ठावन्नाव्या वर्षी.

पीएफ काढला म्हणजे फक्त पैसे काढले असं आपण समजतो. पण फॉर्म १९ सोबत १०सी भरून पेन्शनचेही पैसे उचलले असतील, तर तेवढी सर्व्हिस पेन्शनच्या हिशेबातून पुसली जाते. ईपीएस ९५ (पीएफसोबतची पेन्शन योजना) चं सूत्र असं: पेन्शनेबल पगार गुणिले सर्व्हिसची वर्षं, भागिले ७०. पगाराची कमाल मर्यादा ऑगस्ट २०१४ पर्यंत ६,५०० होती, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. समजा सप्टेंबर २००२ ला लागलात. ऑगस्ट २०१४ पर्यंतची १२ वर्षं म्हणजे १२ × ६५०० ÷ ७० = १,११४ रुपये. तिथून ऑगस्ट २०२५ पर्यंतची ११ वर्षं म्हणजे ११ × १५००० ÷ ७० = २,३५७. दोन्ही मिळून महिना ३,४७१. पहिली बारा वर्षं १०सी वर उचलली असतील तर उरले २,३५७. शिवाय २० वर्षं पूर्ण झाली की दोन वर्षांची जी भर मिळते, तिच्यासाठीची मोजणीही पहिल्यापासून सुरू होते.

आकडे किरकोळ आहेत, मान्य. पण बघा, २३ वर्षं राबून पेन्शन ती भर धरूनही चार हजारांच्या आत, हे जॉइन होताना कुणी सांगत नाही. म्हणून पीएफवर भिस्त ठेवायची आणि ईपीएसकडे औषधाला पुरले तर पुरले म्हणून बघायचं.

आता करायचं काय: यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडा. प्रत्येक कंपनीचा मेंबर आयडी, जॉइन तारीख आणि सोडल्याची तारीख दिसली पाहिजे. सोडल्याची तारीख कोरी असेल तर ट्रान्सफर अडकतो. दोन महिने उलटल्यावर ती तुम्ही स्वतः ऑनलाइन टाकू शकता. तुमच्या तिसऱ्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट होता का ते बघा, बऱ्याच मोठ्या फार्मा कंपन्यांचा असतो. ट्रस्टकडून पैसे येतात, पण अनेक्शर के (ट्रस्टने द्यायचा सर्व्हिसचा आणि रकमेचा तपशील) शिवाय सर्व्हिसची नोंद येत नाही. पासबुकात रक्कम दिसते म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि पेन्शनचे दिवस मात्र गायब. आधारवरचं नाव आणि जुन्या नोंदीतलं नाव यात वडिलांच्या नावाचा, आडनावाच्या स्पेलिंगचा फरक असेल तर जॉइंट डिक्लरेशन (तुमच्या आणि कंपनीच्या सहीचा दुरुस्ती अर्ज) आताच करा. जुनी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली की सही करायला माणूस सापडत नाही.

ग्रॅच्युइटी: बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. इथे आपल्या लोकांचा हमखास घोळ होतो. सूत्रातला डीए म्हणजे महागाई भत्ता, एक्स्पेन्स स्टेटमेंटमधला डेली अलाउन्स नव्हे. तुमचं १८,००० × १५ ÷ २६ × ९ = ९३,४६१. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात ‘वेतन’ एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी धरता येत नाही. ४६,००० चे निम्मे २३,००० धरले तर तीच रक्कम १,१९,४२३ होते. एचआरला मेल टाकून विचारा की कशावर हिशेब धरताय. तोंडी विचारू नका.

आणि प्रत्येक कंपनीत पाच वर्षं स्वतंत्र मोजतात. चार वर्षं दहा महिन्यांवर "चांगली ऑफर आली" म्हणून उडी मारणारे दर वर्षी दिसतात. ४ वर्षं २४० दिवस चालतात असं काही निकालांत मानलंय, पण त्यावर विसंबून राजीनामा देऊ नका. कंपनी अडवते आणि मग भांडत बसावं लागतं.

मिरज_फील्ड
पीएफवाल्या दादांनी बरोबर सांगितलं. मी पहिल्या प्रश्नावर बोलतो.

एमआरला कायद्याचं संरक्षण आहे, मॅनेजरला नाही. या एका वाक्यावर ऑफर तोलायची. आधी १९७६ चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉइज कायदा होता, आता नव्या औद्योगिक संबंध संहितेत सेल्स प्रमोशन एम्प्लॉयी ‘वर्कर’च्या व्याख्येतच आहे. कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. मुख्यतः मॅनेजरचं काम करणारा या व्याख्येच्या बाहेर. त्याला अपॉइंटमेंट लेटरमधल्या नोटीस क्लॉजवर घरी पाठवता येतं. पन्नाशीच्या आसपास "रिस्ट्रक्चरिंग"मध्ये आधी एरिया मॅनेजर जातात ते यामुळे. पगार जास्त आणि काढायला सोपे.

नुसत्या हुद्द्याने ठरत नाही, काम बघतात. टीमचे टूर प्रोग्रॅम तुम्ही मंजूर करता का, रजा आणि एक्स्पेन्स तुमच्या सहीने जातात का, अप्रेझल तुम्ही लिहिता का. हे सगळं असेल तर तुम्ही मॅनेजर. काही कंपन्या टीमच देत नाहीत, नुसतं कार्डावर ‘एरिया बिझनेस मॅनेजर’ छापतात आणि टार्गेट वाढवतात. अशा वेळी स्वतः करत असलेले डॉक्टर कॉल, डीसीआर (रोजच्या भेटींचा अहवाल), स्टॉकिस्टचे क्लोजिंग (शिल्लक मालाचे आकडे) यांची कॉपी जपून ठेवा. कंपनीच्या टॅबमध्ये नव्हे. आयडी बंद झाला की टॅब म्हणजे वीट.

ऑफर घ्यायचीच तर तीन गोष्टी लेखी घ्या. मागची ९ वर्षं सर्व्हिसमध्ये सलग धरली जाणार हे. एचक्यू कोणतं आणि बदलीची हद्द कुठवर हे. आणि टीममध्ये जागा रिकामी असेल तर त्या टेरिटरीचं टार्गेट कुणाच्या डोक्यावर हे. तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही आणि इन्सेंटिव्ह तिथेच मरतो. सहापैकी दोन जागा वर्षभर रिकाम्या, आणि अचीव्हमेंटची टक्केवारी मात्र सहाच्या सहा जागांवर काढलेली.

दुसरं, राजीनामा. मीटिंगला पुण्याला बोलवायचं, हॉटेलच्या खोलीत कागद पुढे करायचा, "आता सही केलीस तर रिलीव्हिंग चांगलं देतो". सही केली की ती स्वेच्छेची ठरते आणि नंतर दबाव होता हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. तिथे सही करायची नाही. "घरी विचारून कळवतो" म्हणून बाहेर पडायचं, आणि त्याच दिवशी स्वतःच्या मेलवरून काय घडलं ते तारीख-वेळेसह कळवायचं. दाद मागायला मुदती असतात, म्हणून एफएमआरएआयशी (एमआर लोकांच्या देशपातळीवरच्या महासंघाशी) जोडलेल्या युनियनकडे किंवा कामगार वकिलाकडे त्याच आठवड्यात जा. सहा महिने घरी चिडून बसण्यात अर्थ नाही.

गणपतीपेठ_होलसेल
भाऊ, तिसऱ्या प्रश्नावर थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका. "स्टॉकिस्ट होतो" हे एमआरच्या तोंडात आणि स्टॉकिस्टच्या खिशात फार अंतर आहे.

लायसन्सचा भाग सोपा आहे. होलसेलसाठी फॉर्म २०बी आणि २१बी, किमान १० चौरस मीटर जागा म्हणजे साधारण १०८ चौरस फूट, फ्रिज आणि एक कॉम्पिटंट पर्सन. तो रजिस्टर्ड फार्मासिस्ट असावा, नाहीतर पदवीधर आणि औषध व्यवहाराचा एक वर्षाचा अनुभव, किंवा दहावी पास आणि चार वर्षांचा अनुभव. तुम्ही बी.एस्सी. आहात, पण एमआरचा अनुभव दाखला कोणत्या स्वरूपात लागेल हे अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन आधी विचारा. गाळ्याचा भाडेकरार त्यानंतर. उलटं केलं की रिकाम्या गाळ्याचं भाडं भरत बसता. रिटेलला मात्र फार्मासिस्टच लागतो, आणि भाड्याने सर्टिफिकेट घ्यायच्या भानगडीत तर पडूच नका.

आता पैशाचा भाग. महिना ८ लाख विक्री धरा. मार्जिन ८ टक्के पकडलं तर ६४,००० हातात. केमिस्टला स्कीम आणि कॅश डिस्काउंट मिळून अडीच टक्के सोडावे लागतात, गेले २०,०००. भाडं ८,०००, डिलिव्हरीचा पोरगा १३,०००, पेट्रोल-सॉफ्टवेअर-किरकोळ ६,०००. उरले १७,०००. उधारी कागदावर २१ दिवस, वसुली चाळीस दिवसांनी; जतची आणखी उशिरा. माल महिनाभराचा पडून. कंपनीचं क्रेडिट वजा केलं तरी १५ लाख अडकतात. ११ टक्क्यांनी त्याचं व्याज महिना १३,७५०. राहिले सव्वातीन हजार, त्यातून एक्स्पायरी आणि ब्रेकेज.

एक्स्पायरीवर मार बसतो तो असा. प्रत्येक कंपनीची माल परत घ्यायची खिडकी वेगळी. केमिस्ट डबा काढतो उशिरा, आणि तुमच्याकडे येईपर्यंत खिडकी बंद. क्रेडिट नोट आली तरी सहा-सहा महिने. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ ला औषधांवरचा जीएसटी बहुतेक ठिकाणी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या दराच्या बिलाचा माल परत जाताना कर कोणत्या दराने उलटवायचा यावर कंपनी आणि तुमचा सीए यांचं एकमत आधी करून घ्या.

हे सगळं ज्याचा आधीचा धंदा आहे त्याला परवडतं, कारण त्याच गाळ्यात, त्याच पोरावर चाळीस कंपन्या चालतात. नव्या माणसाने एक-दोन कंपन्यांवर गाळा उघडला तर बुडतो. पीसीडीवाले (आपल्या ब्रँडचा माल फ्रँचायझीवर विकायला देणाऱ्या कंपन्या) "मोनोपोली देतो" म्हणून फोन करतील. त्यांच्याकडे मार्जिन मोठं, पण माल परत नाही, व्हिज्युअल एड आणि सॅम्पलचे पैसेही तुमचेच, आणि गावाकडचे स्वतः औषध देणारे डॉक्टर उधारीवर. तिथेही लायसन्स लागतंच.

कृष्णाकाठ_४६
धन्यवाद सगळ्यांना. १०सी भरला होता का ते आठवत नाही, पासबुकात कळेल का? आणि होलसेलवाल्या दादा, महिनाअखेरच्या क्लोजिंगला थोडा माल स्वतःच्या नावावर उचलून ठेवायची सवय आहे, नोकरी सोडताना त्याचं काय?

पीएफ_हिशेब
जुन्या खात्याचं पासबुक पोर्टलवर नसेल तर पीएफ कार्यालयात मेंबर आयडी देऊन क्लेमचा तपशील मागा. बँकेचं त्या काळातलं स्टेटमेंट सापडलं तर दोन वेगळ्या रकमा दिसतात का बघा. एक पीएफची, एक पेन्शनची. एकच जमा असेल तर पेन्शनची सर्व्हिस अजून शिल्लक असण्याची शक्यता आहे. ती सापडली तर हाती लागलेली वर्षं समजा.

गणपतीपेठ_होलसेल
ती सवय आधी मोडा. लायसन्स नसताना औषध साठवून विकणं हा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात तीन ते पाच वर्षं कैदेचा गुन्हा आहे, टार्गेटसाठी केलं हे तिथे चालत नाही. तीस तारखेला मॅनेजर फोनवर "पन्नास हजारांचं प्रायमरी (कंपनीकडून स्टॉकिस्टला होणारी विक्री) बसव" म्हणतो, बिल एखाद्या ओळखीच्या मेडिकलच्या नावाने फाटतं, खोकी तुमच्या माळ्यावर आणि पैसे तुमच्या क्रेडिट कार्डावर. पुढच्या महिन्यात तो माल १०-१५ टक्के तोट्यात फुटतो आणि त्याच आकड्यावर वाढीव टार्गेट येतं.

सोडताना प्रत्येक स्टॉकिस्टकडून त्या दिवसाचं क्लोजिंग स्टेटमेंट शिक्का-सहीसह घ्या, त्यात नियर एक्स्पायरी वेगळी दाखवून. सॅम्पल, बॅग, टॅब परत दिल्याची पोच घ्या. फुल अँड फायनलमधून जी कपात होते ती बहुतेक याच दोन कागदांच्या अभावी.

फील्ड_कराड
एक राहिलं. डॉक्टरांच्या कॅम्प-ॲक्टिव्हिटीचे पैसे तुमच्या पगाराच्या खात्यात घेऊन पुढे वाटायची पद्धत अजून काही ठिकाणी चालते. पगारात धरलं तर ते तुमच्या फॉर्म १६ मध्ये चढतं आणि कर तुम्ही भरता. मार्च २०२४ च्या यूसीपीएमपीनंतर (औषध कंपन्यांच्या मार्केटिंगची आचारसंहिता) डॉक्टरांना भेटवस्तूवर बंदी आहे, सॅम्पलवरही एका औषधाची वर्षाला एका डॉक्टरमागे १२ पॅकची मर्यादा आहे. चौकशी झाली तर सही तुमची, हे लक्षात ठेवा. मेलवर लेखी सूचना मागा. बहुतेक वेळा ती येत नाही आणि पैसेही येत नाहीत.

आणि मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. शुगर-बीपी निघायच्या आत स्वतःचा फ्लोटर (सगळ्या कुटुंबाचा एकच आरोग्य विमा) घ्या. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, ती नोकरीत असतानाच संपवा. तोवर क्लेम कंपनीच्या पॉलिसीवर.