हायड्रेट असलेल्या गाळाचं मॉडेल: साधं पुरेसं की क्लिष्टच हवं?

खोलपाणी
समुद्रतळाखालच्या गाळात मिथेन हायड्रेट (मिथेन आणि पाण्याचा बर्फासारखा घन पदार्थ) असलं की तो गाळ किती भार पेलेल आणि गॅस काढताना किती खचेल, हे सांगणाऱ्या मॉडेलांचा सध्या सुकाळ आहे. माझं मत: मोहर-कूलम्ब पुरे, म्हणजे कोहिजन (कणांची आपसातली चिकट) आणि घर्षणकोन (कणांमधल्या घर्षणाचं माप) एवढ्यावर ताकद काढणारं जुनं साधं मॉडेल. हायड्रेट वाढलं की कोहिजन वाढतं, घर्षणकोन फारसा हलत नाही, हे ट्रायअ‍ॅक्सियल चाचण्यांत (नमुना चहूबाजूंनी दाबून वरून भार देतात त्या) वारंवार दिसलंय. संपृक्ततेप्रमाणे (कणांमधल्या छिद्रांचा किती भाग हायड्रेटने भरलाय त्याप्रमाणे) कोहिजन वाढवा आणि पुढे चला.

डझनभर पॅरामीटरवाली मॉडेलं कशावर बेततात? बहुतेक वेळा प्रयोगशाळेत वाळूत बनवलेल्या हायड्रेटवर. ओलसर वाळूत गॅस सोडला की पाणी असतं कणांच्या सांध्यांत, म्हणून हायड्रेटही तिथेच धरतं आणि कण चिकटतात. चार-पाच टक्के हायड्रेटमध्येच नमुना कडक होतो. समुद्रात मिथेन बहुतेक ठिकाणी पाण्यात विरघळून येतो आणि हायड्रेट छिद्राच्या पोकळीत वाढतं. ते छिद्राचा पाव ते दोन-पंचमांश भाग व्यापेपर्यंत सांगाड्याला फारसा आधार देत नाही. म्हणजे चुकीच्या नमुन्यावर अचूक गणित. हौस आहे, दुसरं काय.

कातरबल
साफ असहमत. मोहर-कूलम्ब गाळ कधी मोडणार ते सांगतं, त्याच्या आधीचं आणि नंतरचं नाही. हायड्रेट भरलेली घट्ट वाळू कातरताना (थर एकमेकांवर सरकताना) फुगते, ताकदीचं शिखर गाठते आणि मग तिची ताकद उतरते. खचण्याचा हिशेब नेमका या उताराशी बांधलेला आहे.

विहिरीपाशी काय होतं बघा. जपानजवळच्या नानकाई द्रोणीत 2013 साली गॅस काढण्याच्या चाचणीत विहिरीच्या तळाचा दाब सुमारे 13.5 मेगापास्कलवरून 5 च्या आसपास आणला. छिद्रदाब (छिद्रांतल्या पाण्याचा दाब) उतरला म्हणजे तेवढा भार कणांवर आला. आणि त्याच वेळी कणांना धरून ठेवणारं हायड्रेट विघटत होतं! भार चढतोय आणि आधार जातोय, दोन्ही एकदम. उचिदा, सोगा, यामामोतो यांच्या 2012 च्या क्रिटिकल स्टेट मॉडेलमध्ये (घनता आणि ताण दोन्ही धरून गाळाचं वागणं सांगणाऱ्या) हायड्रेटमुळे यील्ड पृष्ठभाग (गाळ कायमचा आकार बदलायला लागतो ती ताणाची सीमा) मोठा होतो, आणि कातरताना किंवा हायड्रेट जाताना ती वाढ ओसरत जाते. हे तुमच्या कोहिजनच्या एका समीकरणात कुठे बसवणार?

खोलपाणी
बसवणार नाही. आधी प्रेशर कोअरच्या चाचण्या वाढवा म्हणतोय. नमुना दाबाखालीच वर आणायचा, दाब न सोडता कापायचा, तसाच ट्रायअ‍ॅक्सियलमध्ये घालायचा. अशा चाचण्या जगात मोजक्याच आहेत.

कातरबल
आणि ते येईपर्यंत हातावर हात?

भेगाळ
तुम्ही दोघंही वाळूवर भांडताय. आपल्या पूर्व किनाऱ्याजवळच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात 2006 च्या मोहिमेत शंभर मीटरहून जाड चिकणमातीत हायड्रेट मिळालं ते छिद्रांत नव्हे, भेगांत. एक्स-रेमध्ये तिरक्या-उभ्या शिरा दिसतात, काँक्रीटमधल्या सळयांसारख्या. तिथे 'सरासरी संपृक्तता' हा आकडाच फसवा आहे. शिरांच्या दिशेने दाबलं तर एक ताकद, आडवं दाबलं तर दुसरी. शिवाय शिरा विघटली की तिथे गॅस आणि पाणी उरतं, आणि चिकणमातीतून ते लवकर बाहेर पडत नाही. दिशा न मानणारं मॉडेल साधं असो की भारी, इथे निरुपयोगी. (त्याच खोऱ्यात 2015 च्या मोहिमेत वाळूतलं हायड्रेटही मिळालं, म्हणजे एका खोऱ्याला एक मॉडेल हेही जमायचं नाही.)

वाळूघड्याळ
गॅस काढण्याच्या चाचण्या प्रत्यक्षात कशाने अडल्या? विहिरीत आलेल्या वाळूने! कॅनडात मॅलिकला 2007 मध्ये, नानकाईला 2013 मध्ये सहाव्या दिवशी, तिथेच 2017 च्या पहिल्या विहिरीत पुन्हा. नेहमीच्या कंटिन्युअम मॉडेलात (गाळ सलग पदार्थ मानणाऱ्या) सुटा कण पाण्याबरोबर वाहून जातो ही घटनाच नसते. त्यापेक्षा डीईएम करा, म्हणजे प्रत्येक कण वेगळा धरून त्याची हालचाल मोजा.

कातरबल
वाळूघड्याळ, डीईएममध्ये काही हजार कण आणि त्यांच्यातले बंध, इथपर्यंत ठीक. विहिरीभोवतीचे शंभर मीटर कणाकणाने कोण मोजणार? डीईएमचा उपयोग बंध कसे तुटतात ते कळायला. तेवढं घेऊन ते मोठ्या मॉडेलात उतरवायचं.

खोलपाणी
उतरवताना आणखी चार पॅरामीटर, बरोबर?

भेगाळ
वेळेचं कुणीच काढलं नाही. चीनने दक्षिण चीन समुद्रातल्या शेनहूला 2017 मध्ये 60 दिवस गॅस काढला, 2020 मध्ये आडव्या विहिरीतून 30 दिवसांत 8 लाख 61 हजार घनमीटर. व्यापारी विहीर चालायची तर वर्षानुवर्षं चालावी लागेल. तोवर बारीक गाळ त्याच भाराखाली हळूहळू सरकत राहणार, त्याचं काय? वर मांडलेल्या दोन्ही मॉडेलांत काळ हा घटकच नाही.

खोलपाणी
त्यासाठी दोन जादा पॅरामीटर मी आनंदाने घेईन. फक्त ते प्रेशर कोअरवर महिनाभर भार ठेवून काढलेले हवेत, वाळूच्या चार तासांच्या चाचणीवरून ओढूनताणून नकोत.

कातरबल
महिनाभर कोअर स्थिर ठेवायचा तर दाब आणि तापमान दोन्ही हलता कामा नये. जरा घसरलं की हायड्रेट विघटायला लागतं, आणि मग तुम्ही मोजाल ते सरकणं की विघटन, हे वेगळं कसं काढणार तेही लिहा.