मदत हवी आहे: खो-खोच्या मुलींचे गुडघे, नुसत्या बैठका पुरतात का?

खांबाजवळ: शाळेचा मुलींचा संघ, वय १३ ते १६. रोज ५० बैठका, दोरीच्या उड्या, पळणं चालू आहे. तरी खांबावर वळताना दोघींचा गुडघा आत झुकतो. एसीएल (गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड जोडणारा अस्थिबंध) जपायला नेमके कुठले स्नायू लागतात? साधनं नाहीत, मैदान आणि चटई एवढंच.

नडगी: बैठकांनी भरते मुख्यतः मांडीची पुढची बाजू, आणि गोम तिथेच आहे. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं हे एसीएलचं मुख्य काम. गुडघा जवळपास सरळ असताना पुढचा स्नायू आवळला की तो वाटीखालून नडगीला पुढेच ओढतो. मांडीच्या मागचे स्नायू (हॅमस्ट्रिंग) तिला मागे धरतात, पण ताठ गुडघ्यात त्यांची ओढ हाडाच्या रेषेतच जाते, फारशी उपयोगी पडत नाही. गुडघा वाकला की ती उपयोगी पडते. म्हणून वळणाआधी दोन-तीन छोटी पावलं आणि बूड खाली.

शिवाय एसीएल तुटतं ते पाय टेकल्यावर साधारण ५० मिलिसेकंदांत. तेवढ्यात स्नायू सावरून घेऊ शकत नाहीत; ते आधीच आवळलेले हवेत.

चवडा_टाच: आत झुकणं बहुतेकदा कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूच्या (ग्लुटियस मीडियस) कमजोरीमुळे. एका पायावर अर्धी बैठक घ्यायला लावा, समोरून बघा. वाटी दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवी. चुकत असेल तर कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, टाच किंचित मागे, १२ वेळा, दोन फेऱ्या. पाय पुढे आला की त्याचं काम मांडीचा पुढचा भागच करून टाकतो.

हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक: चटईवर गुडघे टेकून, जोडीदारीण घोटे दाबून धरते, खांदा ते गुडघा एका रेषेत ठेवून सावकाश पुढे झुकायचं. सुरुवातीला ३ ते ५ वेळाच, आठवड्यातून दोनदा.

खांबाजवळ: अर्ध्यातच धपकन पडतात हो.

चवडा_टाच: पडू देत, हात टेकवायचे. जिथवर ताबा राहतो तेवढंच मोजा. कमरेत वाकल्या तर मात्र ती फेरी धरू नका. पहिले दोन आठवडे मांड्या मागून सडकून दुखतील, सामन्याच्या आदल्या दिवशी अजिबात नको.

नडगी: दोरीच्या उड्याही ऐकत जा. धप्प आवाज आला तर गुडघे ताठ आहेत.